तुळसाकाकूंच्या घागऱ्याचा घोळ

"कापड सुईला भेतंय," असं तुळसाकाकू म्हणायच्या. "सुई दिसली की आकसतंय. त्याला मी काय करू?"

निजामाच्या राज्यातल्या आमच्या गोरेगावात ज्या बाईनं त्यांच्याकडे शिवायला टाकलं, तिनं हे वाक्य ऐकलेलं होतंच. खण पुरता दिलेला असायचा, चोळी अंगाला छान बसायची, पण उरल्यासुरल्या तुकड्यांचं नाव काढलं की कापड भ्यालेलं असायचं. काकू हे इतक्या गंभीरपणे सांगायच्या की नवख्या बाईला कापडाचीच दया यावी. जुन्या बाया मात्र उंबऱ्याबाहेर पडल्या की एकमेकींना कोपर मारायच्या.

"वीतभर भ्यालं का गं?"

"वीतभर कुठलं, चांगलं हातभर भ्यालं."

मी लग्न होऊन तिथं आले ती दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या सुमारास. आमचे मास्तर तिथल्या शाळेवर होते. आमचे मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आमच्या आणि काकूंच्या घराला मधली भिंत एकच, आणि त्या भिंतीतून दिवसभर हातमशीनची घरघर यायची. काकूंचे यजमान शिंपी होते. ते लवकर गेले, मागं हे मशीन राहिलं. काकूंनी त्यांच्या हातचे कपडे उसवून पाहिले, पुन्हा जोडून पाहिले, असं करत त्या शिकल्या. पहिल्या वर्षी त्यांनी पाटलांना जो सदरा शिवून दिला त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या होत्या. पाटील तक्रार घेऊन आले तेव्हा काकू म्हणाल्या, "उजवा हात जरा मागं घेत जा पाटील, बराबर बसंल." पाटलांनी तो सदरा झिजेपर्यंत वापरला. मी गावात आले तेव्हाही त्यांचा उजवा खांदा थोडा मागंच असायचा.

काकू उंच आणि काटकुळ्या. पदरात खांद्यापाशी दोन-तीन सुया कायम खोचलेल्या आणि त्यांतून दोरे लोंबत असलेले. एखादं लेकरू मायेनं जवळ घेतलं की ते किंचाळायचंच. घरात टेप होता, पण तो खुंटीवर. टेप पाहिला की माणूस पोट आत घेऊन उभा राहतो आणि मग टेप खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची मापं घ्यायची पद्धत वेगळी. त्या गिऱ्हाइकाला समोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "फीर." आपण सावकाश एक गिरकी घ्यायची. तेवढ्यात काकू एक डोळा मिटून बघून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं." पाटलीणबाई असोत नाहीतर कालची सून, सगळ्यांना फिरावं लागायचं. यामुळे एक झालं होतं. त्यांना माणसं पाठीवरून ओळखू यायची आणि तोंडावरून यायची नाहीत. बाजारात मी समोरून गेले तर त्या सरळ निघून जात, आणि मी पुढं गेले की मागून हाक यायची, "मास्तरीनबाई, वांगी कशी दिली?"

एकदा चुलीसाठी विस्तव मागायला गेले तेव्हा त्यांच्या आतल्या खोलीत माझं लक्ष वर गेलं. दांडीला ओळीनं लहान लहान गाठोडी लटकत होती. भ्यालेलं कापड कुठं जातं ते मला त्या दिवशी कळलं.

"एवढी वेगवेगळी काहून बांधली?" मी विचारलं.

"मंग काय एका जागी कोंबू? ह्ये पाटलाचं, ह्ये सखूचं, ह्ये तुमचं. ज्याच्या घरचं लेकरू, त्याला त्याच्याच घरची कुंची."

ते खरं होतं. गावात कुठंही मूल जन्मलं की बारशाच्या आत काकूंकडून कुंची यायची. तिच्यात आईच्या लग्नातल्या चोळीचा तुकडा असायचा, बापाच्या सदऱ्याचा असायचा. सगळे ती कौतुकानं घ्यायचे, आणि हे कापड आलं कुठून, असं त्या वेळी कुणी विचारायचं नाही. पण गावात चोळ्या शिवल्या जात त्या मानानं मुलं कमी जन्मायची, आणि गाठोडी फुगत चालली होती.

लढाईच्या शेवटी शेवटी कापडावर कंट्रोल होता, घासलेटवर कंट्रोल होता, आणि नेमकं त्याच वर्षी मास्तरांनी नाटक लिहिलं. ऐतिहासिक. त्यात एक राजपूत राणी होती, किल्ला होता, वेढा होता, आणि शेवटी राणी अग्नीत उडी घेत होती. निजामाच्या राज्यात नाटकाला परवानगी लागायची, म्हणून किल्ल्याला वेढा घालणारा शत्रू मास्तरांनी राणीचा सख्खा दीर केला. त्यामुळे कुणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्नच उरला नाही, दिरांच्या सोडल्या तर. राणीचं काम तेलघाण्यावरच्या धोंडिबाकडे गेलं, कारण त्याचा आवाज वेशीपर्यंत पोचायचा. राणीला लुगडं नेसवू असं सगळे म्हणत होते. मास्तर ऐकेनात. राजपूत राणी घागऱ्यातच पाहिजे, नाहीतर तो इतिहासच नव्हे, असं म्हणून ते काकूंच्या दारात गेले. मी भिंतीच्या अलीकडे भाकरी थापत होते.

"काकू, घागरा जुन्या काळातला हवा. सोळा कळ्यांचा. आणि घोळ मोठा पाहिजे."

मशीन थांबलं. "घोळ पाहिजे म्हनून माज्याकडं आलात व्हय?"

"घोळ म्हणजे खालचा घेर हो, काकू."

"मला ठावं हाय घोळ मंजी काय. गाव काय म्हनतंय तेबी ठावं हाय. कापड किती आनलं?"

मास्तरांनी कापड आणलं नव्हतं. समोरच रहीमभाईंचं कापडाचं दुकान होतं, तिथं ते आधी जाऊन आले होते. रहीमभाईंनी हात वर केले होते. "मास्तर, आजकल कफन के वास्ते भी चिठ्ठी लगती," एवढंच ते म्हणाले. वर नाटकासाठी आपली तलवार मात्र देऊ केली. तलवारीवर कंट्रोल नव्हता.

काकूंनी घागरा कधी शिवला नव्हता. कळी त्यांना माहीत होती. वर निमुळता आणि खाली रुंद असा तो पट्टा. रहीमभाईंच्या घरातून, त्यांच्या बायकोकडून, कुलसुमबीकडून, कळीदार कुर्ते शिवायला यायचे, त्यांत त्या चार कळ्या लावायच्या. पण सोळा कळ्या जोडल्या की कंबरेला काय होतं आणि पायाशी काय होतं, हे पाहायला त्या बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बंजारा बायांच्या मागं मागं हिंडल्या. शेवटी एकीला अडवून म्हणाल्या, "फीर." ती बाई आधी चिडली, मग हसली, मग फिरली. तिचं पाहून तिच्या दोन्ही जावाही फिरल्या. भर बाजारात तीन घागरे गरगरत होते आणि काकू एक डोळा मिटून मधोमध उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना सांगितलं, "घागरा व्हईल. कापडाचं इचारू नका." मास्तरांनी विचारलं नाही. लेखक माणूस, त्यांना घागऱ्याशी मतलब. मला मात्र परसात वाळत घातलेल्या चिंध्या दिसल्या आणि काय चाललंय ते उमगलं. एका घरच्या चिंध्या जोडून एक कळी, अशा सोळा घरच्या सोळा कळ्या होत होत्या. डाळिंबी कळी माझी होती. माझ्या शालूबरोबरच्या चोळीतलं कापड त्यात होतं. आळीतल्या सखूची जांभळी, कुलसुमबीच्या ईदच्या कुर्त्यातली हिरवी, आणि पाटलीणबाईंची मोरांची. मी गप्प बसले, कारण तो घागरा पुरा झालेला मला बघायचा होता.

धोंडिबाच्या अंगाला घागरा लावून बघायचा दिवस आला. काकू म्हणाल्या, "फीर." धोंडिबाचा जन्म घाण्याच्या बैलामागं गेलेला. तो फिरायला लागला तो थांबेचना. मास्तर आनंदानं टाळ्या वाजवायला लागले. इतक्यात मी म्हटलं, "काकू, मोर उलटे झालेत." खरंच त्या एका कळीतले सगळे मोर डोकं खाली, पाय वर असे होते. काकूंनी जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "राणी अग्नीत उडी मारंल तवा सुलटे व्हतील."

घासलेट नव्हतं, म्हणून मास्तरांनी नाटक जत्रेच्या दिवशी दुपारी चारला ठेवलं. सगळा घोटाळा त्यानं झाला. गॅसबत्तीच्या उजेडात कुणाला काही कळलं नसतं. पण पश्चिमेचं ऊन थेट स्टेजवर पडत होतं, आणि धोंडिबा राणीचं प्रत्येक वाक्य फिरून म्हणत होता. एकेक कळी उन्हात यायची आणि जायची.

पहिल्यांदा पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं, ते मोर." मग सखू उठून उभी राहिली. "ती जांभळी माजी हाय." मग बायांच्या बाजूला जी कुजबुज सुरू झाली ती दिराच्या आरोळ्यांनीही थांबेना. "ती पिवळी बघा." "माज्या लेकीच्या परकराची हाय ती." कुणीतरी ओरडलं, "धोंडिबा, जरा सावकाश फीर." धोंडिबा सावकाश फिरला. दीर बिचारा तलवार उपसून थांबून राहिला. राणीची अग्नीत उडी घ्यायची वेळ झाली तशी सखू म्हणाली, "उडी मार, पन घागरा काढून ठिव. माझं कापड हाय त्यात."

सगळ्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकू पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भ्यालं व्हतं. आता बाहीर आलं."

पुरुष हसले. बाया हसल्या नाहीत. एकटी कुलसुमबी ओढणी तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. राणीनं उडी घेतली, पण ती घेताना कुणी पाहिलं नाही. मास्तर पुढं आठ दिवस कुणाशी नीट बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून काकूंकडे कापड येणं बंद झालं. बायांनी सेनगावच्या शिंप्याकडे शिवायला टाकायला सुरुवात केली. बाह्या लांब, गळे खोल, तरी तिकडेच. पाटलीणबाईंनी तर तोंडावर म्हटलं, "तुळसे, तू चोर हाईस." काकूंनी प्रत्येकीला कळी उसवून परत द्यायची तयारी दाखवली, पण तिकोनी पट्टा घेऊन कोण काय करणार? घागरा खुंटीवर लटकला आणि 'चोर तुळसा' हे नाव गावात रूढ झालं. लहान पोरंही म्हणायची. भिंतीपलीकडची घरघर थांबली. काकू लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागल्या. ज्या हातांना सुईची सवय त्यांना खुरपं धरवेना. संध्याकाळी त्या हाताला हळद लावत बसायच्या ते बघून मला फार वाईट वाटायचं.

एकदा त्या मला म्हणाल्या, "मास्तरीनबाई, चोर म्हनू द्या. घेतलं व्हतंच मी. पन एकीनंबी असं म्हनलं न्हाई की घागरा कसा झालाय."

घागरा सुंदर झाला होता. मी तसं म्हटलंही. पण माझं म्हणणं त्यांना पुरणारं नव्हतं, त्यांना ते गावाकडून ऐकायचं होतं. कुलसुमबी तेवढी आपले कुर्ते त्यांच्याचकडे आणून टाकायची. "ले गे तुळसा, चुरा ले कित्ता चुराना है," असं म्हणून कापड मांडीवर फेकायची. काकू तिचंही थोडं आकसवायच्याच.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात स्वराज्य झालं, अलीकडे आम्ही अजून निजामाच्या राज्यात. निजामाच्या बाजूची, बंदुका घेतलेली माणसं रस्त्यांवर दिसायला लागली. गावं उठून नदीपार जाऊ लागली. वैशाखात आमच्या आळीनंही ठरवलं की बाया-पोरांनी रिसोडच्या बाजूला जाऊन राहायचं. गाडी रहीमभाईंची, आणि हाकायला ते स्वतः. नाक्यावर आपण दोन शब्द बोलू शकतो, असं ते म्हणाले. प्रश्न सोन्याचा होता. वाटेत झडती घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. पिठाच्या डब्यात, उशीत, चुंबळीत, या जागा घेणाऱ्यांनाही पाठ झाल्या होत्या.

दुपारच्या वेळी मी काकूंच्या ओट्यावर तूर निवडत बसले होते. पाटलीणबाई आल्या. नाटकाच्या दिवसानंतर त्यांनी त्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला तो पहिला दिवस.

"तुळसे, त्यो घागरा हाय का?"

"हाय."

"त्यातली माझी कळी?"

"मोराची. हाय."

पाटलीणबाईंनी कनवटीची पुरचुंडी काढून काकूंच्या मांडीवर ठेवली. त्यात त्यांची पुतळ्यांची माळ होती आणि पाटल्या होत्या. काकूंनी खुंटीवरून घागरा काढला, मोरांच्या कळीला आतून अस्तर लावलं आणि मधल्या जागेत ते दागिने शिवून टाकले. वाजू नयेत म्हणून प्रत्येक दागिना चिंधीत गुंडाळला. चिंध्यांची त्या घरात वाण नव्हती.

मग सखू आली. मग एकेक करून सगळ्याच. प्रत्येक बाई आपली कळी शोधायची आणि तिथं बोट ठेवायची. दोन दिवस मशीन चालू होतं. त्या आवाजाची मला किती सवय झाली होती ते तेव्हा कळलं. सखूनं जाता जाता माझ्या कानाशी विचारलं, "आकसनार न्हाई ना वो?"

जिच्यावर वीतभर कापडाचा भरवसा नव्हता तिच्या कंबरेला आळीतल्या बायांनी आपलं होतं नव्हतं ते बांधलं. हे कसं, असं मी पाटलीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चोर हाय ती. पन मी घागरा बघितला न्हाई का? सोळा घरचं कापड, अन एकाची चिंधी दुसऱ्याच्या कळीत गेली न्हाई." त्यांनी ते नाटकाच्या दिवशीच हेरलं होतं, आणि इतकी वर्षं मनात ठेवलं होतं.

नाक्यावर चार-पाच बंदूकवाले होते. रहीमभाई त्यांच्याशी अदबीनं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि झडती घेतलीच. डबे उपडे केले, गाठोडी सोडली, माझं नवं घोंगडं घेतलं. मग त्यातल्या एका तरुण माणसाचं लक्ष काकूंकडे गेलं. वैशाखाच्या उन्हात एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई जाडजूड रंगीबेरंगी घागरा घालून बसली होती. त्यानं त्यांना खाली उतरवलं.

"ये क्या पहनी?"

"नाटक का है, बाबा," काकू म्हणाल्या. "रानी का घागरा."

"तेरे पास कहाँ से आया?"

रहीमभाई काही बोलणार तेवढ्यात काकूंनी सांगून टाकलं, "चोरी का है. सारे गाँव का कपडा चोरी करके शिवी मैं."

त्या माणसानं गाडीतल्या बायांकडे पाहिलं. पाटलीणबाई परक्या पुरुषासमोर जन्मात बोलल्या नव्हत्या. त्या पदरातून म्हणाल्या, "हौ, चोर है ये." सखूनं लगेच उचलून धरलं, "मेरा जांभळा कपडा लिया इनं." मग सगळ्याच बोलायला लागल्या. एकीचा परकर, एकीचा खण, एकीच्या नवऱ्याचं उपरणं. इतक्या वर्षांची तक्रार ऐकून घेणारं कुणी भेटलं होतं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बोलता बोलता सखूला खरंच राग आला.

तो माणूस हसायला लागला. बंदुकीच्या नळीनं त्यानं हवेत गोल काढला. "घूम."

ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांना फिरवलं तिला आज कुणीतरी फीर म्हणत होतं. काकू फिरल्या. घागरा जड होता, आधी तो हलेचना. मग हळूहळू उचलला गेला आणि सोळाच्या सोळा कळ्या उन्हात उघडल्या. एकही दागिना वाजला नाही.

"मोर उलटे हैं," तो माणूस म्हणाला.

"हौ बाबा," काकू म्हणाल्या. "घाई में उलटे हुए."

त्यानं हात हलवून गाडी सोडली.

पैनगंगेला गुडघाभर पाणी होतं. गाडी वाळूत रुतेल म्हणून आम्ही उतरून चालत निघालो. घागरा भिजला असता तर काकूंना पाऊल उचलता आलं नसतं, आणि त्या एकट्यांना तो आवरेना. तेव्हा बाया दोन्ही बाजूंनी पुढं झाल्या आणि प्रत्येकीनं आपापली कळी वर धरली. काकू मधे, आणि भोवती आम्ही सगळ्या घागऱ्याचा घोळ हातात घेऊन. अशी ती राणी नदीपार झाली. पलीकडच्या काठावर पोचल्यावर सगळ्यात आधी रहीमभाईंना हसू फुटलं. मग आम्हाला हसू आवरेना.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामशाही संपली, आणि आम्ही पंधरवड्यात परत आलो. काकूंनी ओट्यावर बसून एकेक अस्तर उसवलं आणि ज्याचं त्याला दिलं. प्रत्येकीनं आपलं तपासून पाहिलं. गुंजभरही कमी नव्हतं.

"सोनं न्हाई भेत सुईला," काकू म्हणाल्या.

सगळ्या उठल्या तरी पाटलीणबाई बसून होत्या. त्यांनी घागऱ्याचा घोळ मांडीवर घेतला, शिवण बोटानं चाचपली, उलट्या मोरांवरून हात फिरवला. "घागरा मातर लई चांगला झालाय, तुळसे," त्या म्हणाल्या.

काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला. त्या दिवशी तो त्यांना बराच वेळ ओवता आला नाही. पुढच्या बाजारापासून त्यांच्या ओट्यावर खण यायला लागले, आणि पुन्हा कापड भ्यायला लागलं.

पण भीती गावातून गेली नव्हती. ती फक्त गल्ली ओलांडून समोरच्या घरात राहायला गेली होती. आसपासच्या गावांतून वाईट बातम्या येत होत्या, आणि आता त्या रहीमभाईंच्या जातीच्या लोकांच्या होत्या. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. काही दिवस हैदराबादला कुलसुमबीच्या भावाकडे जाऊन राहायचं ठरलं. ज्यांनी आम्हाला नदीपार नेलं त्यांना आम्ही थांबा म्हणू शकलो नाही, याची मला लाज वाटत होती.

कुलसुमबी आपली पोटली घेऊन भर दुपारी काकूंकडे आली. काकू घागरा घेऊन बसल्याच होत्या, आणि हिरवी कळी उसवलेली होती.

"तेरे कू कैसे मालूम मैं आती करके?"

"कवाची वाट बघून राहिले," काकू म्हणाल्या. "आन इकडं."

कुलसुमबीच्या तोड्यांवर आणि हारावर त्यांनी हिरवी कळी शिवली. ते लोक गेले. त्यानंतर काकू बाजारात जायच्या तर घागरा नेसून, शेताकडे जायच्या तर घागरा नेसून. पोरं मागून 'राणी, राणी' म्हणून ओरडायची. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "थंडी हाय." तेव्हा आश्विनातलं ऊन चटके देत होतं.

पौषात मास्तरांची वसमतला बदली झाली. आमची गाडी सामान भरून दारात उभी होती, आणि त्याच सकाळी समोरच्या घराचं कुलूप निघालं. कुलसुमबी घरात न जाता सरळ ओट्यावर आली. काकूंनी शिवण उसवली. कुलसुमबीनं तोडे हातात घेतले, हार घेतला, डोळे पुसले.

"सब बराबर है, तुळसा."

"मंग."

कुलसुमबीनं सुटी झालेली हिरवी कळी उचलून धरली. "अब ये भी दे दे. मेरे ईद के कुर्ते का कपडा है."

काकूंनी वर पाहिलंच नाही. कळी तिच्या हातातून ओढून घेतली आणि मशीनखाली सारली. "ते न्हाई. ते आकसलं."

कुलसुमबी नाटकाच्या दिवशी हसली होती तशी हसायला लागली. घागऱ्याचं दुसरं टोक धरून ती तिथंच बसली, आणि काकू हिरवी कळी परत जागेवर बसवायला लागल्या.

मी निरोप घ्यायला पुढं झाले. काकूंनी माझ्या तोंडाकडे नेहमीसारखं अनोळखी नजरेनं पाहिलं, आणि म्हणाल्या, "फीर."

मी डोळे पुसत एक गिरकी घेतली. त्यांनी एक डोळा मिटला. या वेळी जरा जास्तच वेळ मिटला.

"झालं," त्या म्हणाल्या. "नीट जावा. गाडीत सांभाळून बसा."

मला दिवस गेल्याचं मी मास्तरांनासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. गाडी वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं. मशीन थांबलं होतं. काकूंनी दांडीवरचं एक गाठोडं ओट्यावर आणून सोडलं होतं, आणि त्यातून माझ्या चोळीची डाळिंबी चिंधी काढून त्या ती उन्हात धरून बघत होत्या.